नॉर्वेतील विद्युत मोटारींच्या करसवलती : हेतू आणि परिणाम

वाहतुकीतून होणारे हरितगृह वायूंचे उत्सर्जन घटविण्याच्या धोरणांचा विषय निघाला, की नॉर्वेचे उदाहरण हटकून दिले जाते. 2024 साली त्या देशात विकल्या गेलेल्या नव्या प्रवासी मोटारींपैकी शेकडा सुमारे 89 मोटारी केवळ विजेवर चालणाऱ्या होत्या. एवढ्या यशाच्या मुळाशी एखादी दूरदर्शी हवामान-योजना असली पाहिजे, असे मानण्याकडे सहजच मनाचा कल होतो. सवलतींचा घटनाक्रम तपासला म्हणजे मात्र हे मानणे टिकत नाही.

आरंभ काहीसा विनोदीच आहे. 1989 साली ‘बेलोना’ ह्या पर्यावरणवादी संस्थेचे फ्रेडरिक हाउगे व ‘आ-हा’ ह्या लोकप्रिय वाद्यवृंदातील दोघे गायक-वादक ह्यांनी, विजेवर चालेल अशी फेरफार केलेली एक फियाट पांडा स्वित्झर्लंडहून आणली आणि पथकर न भरता ती नाक्यांवरून नेण्याचा सपाटा लावला. दंड साचले, गाडी जप्त होऊन लिलावात निघाली. ती पुन्हा त्यांनीच विकत घेतली. 1990 साली विद्युत मोटारींना नोंदणीच्या वेळच्या करातून तात्पुरती सूट मिळाली, 1996 साली ती कायम झाली. पुढल्याच वर्षी पथकरही माफ झाला. 2001 साली शेकडा 24 असलेला मूल्यवर्धित कर उठला आणि 2005 साली बसगाड्यांसाठी राखलेल्या मार्गिका देशभर ह्या मोटारींना मोकळ्या झाल्या.

ह्या काळात सवलतींच्या पाठीराख्यांसमोर हवामानाइकाच, किंबहुना त्याहून अधिक, देशी मोटारउद्योगाचा प्रश्न होता. 1991 साली स्थापन झालेल्या ‘पिव्हको’ कंपनीच्या छोट्या विद्युत मोटारी 1994 च्या लिलेहामर हिवाळी ऑलिंपिकच्या वेळी धावल्या. पुढे ‘थिंक’ ह्या नावाने ओळखली गेलेली ही कंपनी 1999 साली फोर्डने घेतली, थोड्याच वर्षांत सोडली आणि 2011 साली ती अखेरची दिवाळखोरीत गेली. ज्या उद्योगासाठी सवलतींचा पाळणा बांधला तो उद्योग वाचला नाही. पाळणा मात्र तसाच राहिला, आणि परदेशांत तयार झालेल्या सरस मोटारी बाजारात येताच त्यांना तो आयता लाभला.

करमाफीला एवढे बळ कोठून आले, हाही प्रश्न विचारावयास हवा. नॉर्वेत 1960 सालच्या ऑक्टोबरपर्यंत खाजगी मोटार विकत घेण्यावरच निर्बंध होते. निर्बंध गेले तरी मोटार ही चैनीची वस्तू आहे ही दृष्टी करपद्धतीत मुरून राहिली आणि खरेदीवरील कर जबर राहिले. जेथे असा कर आधीपासून नाही तेथे माफ तरी काय करणार? नॉर्वेचे अनुकरण करू पाहणाऱ्या देशांत ही साधी गोष्ट बहुधा विसरली जाते. शिवाय तेथील वीज जवळजवळ सर्वस्वी जलशक्तीतून निर्माण होते, हे वेगळे सांगावयास नकोच.

हवामानाच्या स्पष्ट हेतूने केलेला मोठा बदल 2007 सालचा. त्या वर्षी नोंदणीकराची आकारणी मोटारीच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनाशी जोडण्यात आली. डिझेल मोटारीचे ह्या वायूचे उत्सर्जन पेट्रोलच्या तशाच मोटारीपेक्षा कमी. त्यामुळे ग्राहक डिझेलकडे धावले आणि काही वर्षे नव्या मोटारींत डिझेलचेच बहुमत झाले. शहरांची हवा नायट्रोजन ऑक्साइडांनी बिघडली. 17 जानेवारी 2017 रोजी ऑस्लोने एका दिवसापुरती डिझेल मोटारींना आपल्या रस्त्यांवर बंदी केली. सरकारच्याच करसवलतीला भुलून डिझेल गाडी घेतलेल्या नागरिकाला त्या दिवशी काय वाटले असेल, ह्याची कल्पना करता येते.

जुन्या सवलतींना हवामानाचे अधिष्ठान मिळाले ते 2012 च्या राजकीय समझोत्याने : 2017 सालापर्यंत, किंवा मोटारींची संख्या 50,000 होईपर्यंत, त्या चालू राहावयाच्या होत्या. ही संख्या 2015 च्या एप्रिलमध्येच गाठली गेली, तरी सवलती एकदम काढण्याचे धैर्य कोणाला झाले नाही. 2017 साली तर, 2025 पासून सर्व नव्या मोटारी उत्सर्जनरहित असाव्यात, असे उद्दिष्ट ठरले. ते कायद्याचे बंधन नव्हते. दरम्यान विद्युत मोटारींच्या गर्दीने खुद्द बसगाड्याच अडू लागल्या. सवलतींचा मोठा वाटा सधन कुटुंबांच्या पदरात पडतो, हा आक्षेपही निराधार नव्हता. 2023 पासून 5,00,000 क्रोनरवरील किमतीवर मूल्यवर्धित कर पुन्हा आकारला जाऊ लागला.

नव्या विक्रीचा आकडा आणि रस्त्यावरील वास्तव ह्यांत अंतर असते. 2024 च्या सप्टेंबरमध्ये नॉर्वेतील नोंदणीकृत विद्युत मोटारींची संख्या पेट्रोल मोटारींहून प्रथमच, तीही काहीशेंनी, अधिक झाली. त्याच वेळी डिझेल मोटारी सुमारे 10 लाख होत्या आणि संख्येने सर्वांत पुढे होत्या. त्यांतील कित्येक 2007 च्या कराने घडविलेल्या खरेदीच्या आहेत.