उच्छ्वास: आपल्या नळकामाचा विसरलेला इतिहास

थंडी पडली की एक बातमी हमखास येते. बाथरूमचं दार बंद, आत गॅस गीझर सुरू, आंघोळीला गेलेलं माणूस बराच वेळ बाहेर आलं नाही, दार तोडलं तेव्हा उशीर झाला होता. गाव बदलतं, नाव बदलतं, बातमी तीच. आपण हळहळतो, "गीझर खराब असेल" म्हणतो आणि पुढची बातमी वाचायला घेतो.

मी नळकाम करतो. पाण्याच्या लायनी, गीझर, सोलर, सगळं. यात बावीस वर्षं गेली. अशी बातमी वाचली की मला आधी आठवतो तो पुण्याचा कात्रजचा नळ. गीझरचा आणि पेशवाईतल्या नळाचा काय संबंध, असं वाटेल. तेच सांगायचंय. पोस्ट मोठी आहे, पण वाचा.

1750 च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी शहरात आणलं. पार शनिवारवाड्यापर्यंत. वाटेत पेठांमधले हौद भरायचे आणि लोक तिथून पाणी न्यायचे. पंप नाही, वीज नाही, फक्त उतार. जमिनीखालून दगडी बांधणीचा नळ, काही ठिकाणी आत माणूस उभा राहील एवढा उंच. उतार जास्त ठेवला तर पाणी जोरात येऊन बांधकाम उखडणार. कमी ठेवला तर गाळ साचून नळ तुंबणार. इतक्या लांबवर हा तोल सांभाळणं म्हणजे काय, ते ज्याने गच्चीवरच्या टाकीपासून तिसऱ्या मजल्यावरच्या शॉवरपर्यंत साधी लाइन टाकलीय त्याला विचारा.

पण मला सगळ्यात भारी वाटतात ते या नळाचे उच्छ्वास. ठरावीक अंतरावर जमिनीतून वर आलेले, धुराड्यासारखे दगड-विटांचे बुरूज. बंद नळातून पाणी वाहताना हवा अडकते. अडकलेली हवा पाण्याची वाट अडवते, नाहीतर दाब वाढवून सांधे फोडते. तिला बाहेर पडायला वाट हवी, म्हणून हे बुरूज. ज्याने याला 'उच्छ्वास' म्हटलं त्याला माझा नमस्कार. बांधकामाच्या तुकड्याला असं नाव तोच देतो, ज्याला पाण्याचं चालणं जिवंत दिसतं.

ही विद्या एकट्या पुण्याची नव्हे. त्याच्याही सव्वाशे वर्षं आधी, सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, मलिक अंबरने खडकीत नहर आणली. खडकी म्हणजे पुढचं औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर. मलिक अंबर मूळचा हबशी, गुलाम म्हणून विकला गेलेला, पुढे निजामशाहीचा कर्ताधर्ता झालेला. डोंगराच्या पोटातलं पाणी त्याने जमिनीखालच्या नहरीतून शहरात फिरवलं. पुढे त्याच शहरात पाणचक्की झाली. तिथेही लांबच्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून येतं, उंचावरून पडतं आणि त्याच्या जोरावर दळणाचं जातं फिरायचं. सहलीला जाऊन आपण कारंज्यापाशी फोटो काढतो. पाणी एवढ्या उंचीवर चढलं कसं, हे किती जण विचारतात?

आता एक बोचणारी गोष्ट. मलिक अंबरचं नाव राहिलं, नानासाहेबांचं राहिलं. ज्या हातांनी मातीचे नळ एकात एक बसवले, चुना घोटून सांधे भरले, त्यांची नावं कुणाला ठाऊक आहेत? रोममध्ये शिशाचे नळ असायचे. लॅटिनमध्ये शिशाला 'प्लंबम' म्हणतात, 'प्लंबर' हा शब्द तिथूनच आला. त्या जुन्या नळांपैकी काहींवर ते बनवणाऱ्या कारागिराचं नाव चक्क ओतलेलं सापडतं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या प्लंबरचं नाव आज वाचता येतं. आपल्याकडे कालच्या बिल्डिंगच्या प्लंबरचं नाव सोसायटीत एकालाही सांगता येत नाही.

गरम पाण्याची कथाही तशीच. आमच्या पिढीने शेवटचा पाहिला तो तांब्याचा बंब. पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत ठोकून ठोकून ही भांडी घडायची. बंब नीट बघा, तो अभ्यासाचा विषय आहे. मधोमध उभी नळी, तिच्या भोवती पाणी. खाली जाळी, जाळीवर जाळ, त्याखाली राख पडायला जागा. वरून बंबफोड नाहीतर करवंट्या टाकायच्या. हवा खालून जाळीतून आत शिरते, तापून नळीतून वर निघते आणि जाता जाता भोवतालचं पाणी तापवते. आग पाण्याच्या पोटात, त्यामुळे उष्णता वाया जाणं कमी. तांबं निवडलं कारण ते उष्णता झटकन पुढे देतं. राख साचून खालची वाट बुजली की बंब धुमसायचा, आणि घरातली आजी लगेच ओरडायची, "अरे, राख काढ आधी!" तिला भौतिकशास्त्र कुणी शिकवलं नव्हतं. आगीला श्वास लागतो एवढं तिला पक्कं माहीत होतं.

बंबही बंद खोलीत ठेवला असता तर तितकाच घातक ठरला असता. पण तो असायचा परसात, पडवीत, नाहीतर कौलारू न्हाणीत. धूर कौलांमधून आपोआप निघून जायचा.

मग फ्लॅट आले. न्हाणीचं बाथरूम झालं, कौलांच्या जागी स्लॅब आला, खिडकीला काच बसली. त्या चार बाय सहाच्या खोलीत आपण गॅस गीझर टांगला. गॅस जळायला प्राणवायू लागतो आणि गीझर तो खोलीतूनच ओढतो. खोलीतला कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला गरगरतं आणि दाराची कडी काढायच्या आत हातपाय गळतात. बहुतेक वेळा गीझर खराब नसतोच, त्याला उच्छ्वास ठेवलेला नसतो.

मला अनेक घरी सांगितलं जातं, "इथेच लाव रे, आतच बरं दिसतं." मी नाही म्हणतो. गॅस गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेच्या जागी, आणि त्याचा धूर नळीने थेट बाहेर. हे जमणार नसेल तर विजेचा घ्या. काही लोक ऐकतात. काही म्हणतात, "दुसरा प्लंबर कमी पैशात लावून देतोय." देतो खरा.

सोलरचंही तेच. गच्चीवरच्या गरम पाण्याच्या टाकीतून एक उभा पाइप वर गेलेला असतो, तोंड उघडं. तो या टाकीचा उच्छ्वास. एका सोसायटीत त्यातून पाणी ठिबकतं म्हणून कुणीतरी वर टोपी घट्ट बसवली होती. मी गेलो तेव्हा टाकी चेपून वाकडी झाली होती. पाणी बाहेर गेलं, त्या जागी हवा आत यायला वाट नाही, दुसरं काय होणार? अडीचशे वर्षांपूर्वीच्या माणसाला जे कळत होतं, ते आपण टोपी लावून बंद केलं.

हे असं का झालं? माझ्या मते याचं एक मोठं कारण म्हणजे या कामाला आपण कधी विद्या मानलंच नाही. पाणी आणि सांडपाणी, दोन्हींचा संबंध आपल्याकडे जातीशी जोडलेला. नळ नवे होते तेव्हा त्यांच्या तोटीत चामड्याचा वॉशर असतो म्हणून अनेक सोवळ्या घरांत नळाचं पाणी पीत नसत. जोतीराव फुल्यांना 1868 मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला करावा लागला, कारण शहरात हौद असूनही त्यांना पाणी नव्हतं. ज्या समाजात पाण्याला कोण शिवतो यावर एवढं राजकारण झालं, तिथे तुंबलेला पाइप मोकळा करणाऱ्या माणसाला 'कारागीर' कोण म्हणणार? आयटीआयच्या कागदावर आमच्या ट्रेडचं नाव छान आहे, नळकारागीर. एक वर्षाचा कोर्स. पण "मुलगा काय करतो?" या प्रश्नाला हे उत्तर देताना आईबाप आवाज खाली आणतात.

दुसरीकडे ओडिशातला केंद्रापाडा जिल्हा बघा. तिथल्या गावागावांतून मुलं काका-मामांबरोबर हे काम शिकत देशभर गेली. पुण्या-मुंबईच्या साइटवर उत्तम जोडणी दिसली की हात अनेकदा तिकडचा निघतो. त्याच जिल्ह्यात पट्टामुंडईला सरकारने प्लंबिंगची खास संस्थाही काढली. बाहेरच्यांनी कामं घेतली अशी ओरड करणाऱ्यांना मी एवढंच विचारतो, तुमच्या घरातला कोण पाना हातात घ्यायला तयार आहे?

आणि खरं सांगू? हे काम सुख देतं. नवीन बाथरूमची लाइन पूर्ण झाली की टाइल बसायच्या आधी मी सगळी तोंडं बंद करून हातपंपाने दाब भरतो. रात्रभर तसाच ठेवतो. सकाळी जाऊन गेजचा काटा बघायचा. काटा जागचा हलला नसेल तर त्या क्षणी जे वाटतं, ते पगाराच्या स्लिपमध्ये मावत नाही. त्यानंतर गवंडी येतो, भिंत बंद होते आणि ते काम पुन्हा कुणाला दिसत नाही. वीस वर्षं कुणाला त्याची आठवणही आली नाही, तर समजायचं काम चांगलं झालं. कात्रजच्या नळावर राबलेल्यांनाही असंच वाटलं असेल, असा माझा अंदाज आहे.

तर मंडळी, चार गोष्टी करा. गॅस गीझर बाथरूममध्ये असेल तर याच आठवड्यात बाहेर हलवा. आज रात्री वापरायचाच असेल तर बादली भरून गीझर बंद करा, दार-खिडकी उघडून हवा खेळू द्या आणि मगच आंघोळीला जा. घराचं काम काढलं असेल तर टाइल लावायच्या आधी दाबाची चाचणी मागा, आणि ती नको म्हणणाऱ्याला काम देऊ नका. गच्चीवरच्या उघड्या पाइपला टोपी लावू नका. आणि दहावीनंतर एखादी मुलगी किंवा मुलगा हातकामात रमणारा दिसला, तर त्याला आयटीआयच्या रांगेत मान खाली घालून उभं करू नका.

पुण्यात कात्रज नळाचे काही उच्छ्वास अजून उभे आहेत. रस्ते आणि इमारतींच्या गर्दीत हरवलेत, पण आहेत. तुमच्या भागात एखादा असेल तर फोटो काढून खाली टाका. जागा लिहा. निदान त्यांची एक यादी तरी आपण लोकांनी मिळून करू.