जारण: खाऱ्या वाऱ्यातला एक जुना शब्द

‘जारणमारण’ म्हटले की आपल्याला मांत्रिक, लिंबू आणि अमावास्या आठवते. पण हा जोडशब्द सोडवायला बसले, की अर्ध्यावर अडायला होते. तंत्रग्रंथांतली षट्कर्मे म्हणजे शांती, वशीकरण, स्तंभन, विद्वेषण, उच्चाटन आणि मारण. त्यांत जारण नाही. रसशास्त्रात मात्र ही दोन्ही नावे एकाच घरात नांदतात. धातूचे भस्म करणे हे मारण, आणि पाऱ्याला दुसरे द्रव्य खाऊ घालून ते त्यात जिरवणे हे जारण. हा जोड रसशाळेतून मांत्रिकाच्या हाती गेला असावा आणि तिथे मारणाच्या संगतीने जारणही बदनाम झाले असावे.

मूळ धातू ‘जॄ’, म्हणजे झिजणे, पिकणे, पचणे. जरा, जीर्ण, जर्जर, अजीर्ण ही त्याची उघड संतती. ‘जुना’ हा जूर्ण, जुण्ण या वाटेने आलेला दिसतो आणि ‘जिरणे’ जीर्यतीच्या वाटेने. संस्कृत जीरक, फारसी ज़ीरा, आपले जिरे यांचीही सोयरीक जुने कोशकार याच धातूशी लावतात, कारण जिरे पाचक. इथे मात्र गुण पाहून व्युत्पत्ती बेतलेली असावी. ‘जारण’ हे ‘जॄ’चे प्रयोजक रूप, म्हणजे जिरवणे. रसग्रंथांत ते विशेषकरून गंधकाच्या सोबतीने येते. पाऱ्यात त्याच्या सहापट गंधक जिरवणे म्हणजे षड्गुण गंधकजारण.

कोशकार डॉ. रघुवीरांनी विसाव्या शतकात ऑक्सिजनला ‘जारक’ म्हटले, ते हीच शिदोरी घेऊन असावे. मराठीने ते स्वीकारले नाही. आपण प्राणवायू ठेवला, ऑक्सिजन ठेवला आणि क्रियेला ऑक्सिडीकरण म्हणू लागलो. पण ‘जारण’ हा मागे पडलेला शब्द पुन्हा उचलावासा वाटतो तो किनाऱ्यावरच्या स्वच्छ सागरी हवेत गंधकाचे काय होते हे वाचताना.

अशी हवा जिथे वर्षानुवर्षे मोजली जाते ते एक ठिकाण टास्मानियाच्या वायव्य टोकावर आहे. नाव केप ग्रिम. तिथल्या मूळ रहिवाशांचे ‘केनाऊक’ हे नावही आता अधिकृतपणे त्याला जोडले आहे. १९७६पासून तिथे वेधशाळा चालते. वारा १९० ते २८० अंशांच्या दरम्यानून, म्हणजे साधारण नैर्ऋत्येकडून, येत असेल तेव्हाची हवा ‘पायाभूत’ मानतात, कारण ती दक्षिण महासागरावरून हजारो किलोमीटर जमिनीला न शिवता आलेली असते.

हवेची शुद्धता वाऱ्याच्या दिशेवरून ठरवण्याची ही रीत आपल्या किनाऱ्याला समजायला कठीण नाही. आपल्याकडे समुद्रावरून येतो तो खारा वारा, जमिनीवरून जातो तो मतलई. या ‘मतलई’ने मला बराच काळ गुंतवून ठेवले. अरबीत ‘मत्ला’ म्हणजे उगवण्याची जागा. गझलेचा आरंभीचा शेर तो मतला, तोही हाच. अरब नाखवे क्षितिजाचे भाग ताऱ्यांच्या उदयास्तावरून पाडत. पूर्वेकडचा अर्धा भाग मत्ला, पश्चिमेकडचा मग़ीब. कोकणात जमिनीवरचा वारा पूर्वेकडूनच सुटतो. तेव्हा मतलई म्हणजे ‘उगवतीचा वारा’ असावा, आणि तो अरबी गलबतांबरोबर आपल्या बंदरांत उतरला असावा. ‘हवा’ हा शब्दही अरबीच.

आता गंधकाकडे. ‘गन्धक’ म्हणजे गंध असलेला. धातुपाठात ‘गन्ध’चा अर्थ मात्र अर्दन, म्हणजे पीडा देणे, असा दिला आहे, जळत्या गंधकाजवळ उभे राहिलेल्याला तो पटावा. गंमत अशी, की शुद्ध गंधकाला वास जवळजवळ नसतो. वास येतो तो त्याच्या धुराला आणि संयुगांना. गंधकाच्या ‘थेइऑन’ या ग्रीक नावाचे नाते धुराशी, म्हणून दूरान्वयाने आपल्या ‘धूम’शीही, असावे असे एक मत आहे. होमरचा ओडिसियस शत्रूंना मारल्यावर दालनाला गंधकाचीच धुरी देतो. रसायनशास्त्रातला ‘थायो’ हा उपसर्ग त्या थेइऑनचाच. अरबी ‘किब्रीत’ अक्कादी ‘किब्रीतु’पर्यंत मागे जातो, आणि आज फारसीत त्याचा अर्थ काडेपेटीतली काडी असा झाला आहे. संस्कृतात ‘शुल्वारि’, तांब्याचा शत्रू, असेही गंधकाचे नाव आहे, आणि लॅटिन ‘सल्फर’ त्यातून निघाला असे पुष्कळांनी लिहिले. ध्वनिसाम्य मोहक खरे, पण लॅटिन शब्द रसग्रंथांपेक्षा कितीतरी जुना. तो ‘जळणे’ या अर्थाच्या मुळातून आलेला असावा. जर्मन ‘श्वेफेल’ त्याचा भाऊबंद दिसतो.

सागरी हवेतला गंधक ‘गंध असलेला’ या नावाला खरोखर जागतो. प्लवकांपासून समुद्रात डायमिथाइल सल्फाइड तयार होते आणि पाण्यातून हवेत निसटते. समुद्राच्या वासात त्याचा वाटा मोठा. काही समुद्रपक्षी त्या वासाच्या मागाने भक्ष्य शोधतात. समुद्रातून हवेत येणारा गंधक हायड्रोजन सल्फाइडच्या, म्हणजे सडक्या अंड्याच्या वासाच्या, रूपात येत असेल असे पूर्वी मानत. जेम्स लव्हलॉक यांनी ‘शॅकल्टन’ जहाजावरून केलेल्या मोजमापांवर १९७२ साली लेख प्रसिद्ध झाला, तेव्हा खरा वाहक पुढे आला. आजच्या एका अंदाजाने समुद्र या वाटेने दरवर्षी सुमारे २.८ कोटी टन गंधक हवेला देतो.

तो जिरवतो कोण? ऑक्सिजनचा रेणू नव्हे. हवेचा पंचमांश ऑक्सिजन असूनही तो या सल्फाइडला थेट हात लावत नाही. काम करतो हायड्रॉक्सिल मूलक. सूर्यप्रकाशाने ओझोन फुटतो, त्यातला तरतरीत ऑक्सिजन अणू पाण्याच्या वाफेशी भिडतो आणि हायड्रॉक्सिल जन्मतो. त्याचे आयुष्य साधारण एका सेकंदाचे. तो कधी गंधकाला चिकटतो, कधी कडेचा हायड्रोजन ओढून नेतो. म्हणून स्वच्छ सागरी हवेत हे सल्फाइड रात्री साठते आणि दिवसा घटते. ‘मूलक’ हे ‘रॅडिकल’चे भाषांतर, कारण लॅटिन ‘राडिक्स’ म्हणजे मूळ. संस्कृतात मात्र मूलक म्हणजे मुळा, आणि त्याच राडिक्समधून इंग्रजीत रॅडिशही निघाला. दोन भाषांत एकाच कल्पनेतून भाजी आणि रसायन दोन्ही उगवावीत, हा योग विलक्षण.

या सल्फाइडपासून पुढे सल्फर डायऑक्साइड, मिथेनसल्फॉनिक आम्ल आणि शेवटी सल्फ्युरिक आम्ल बनते. मधल्या पायऱ्यांतले हायड्रोपेरॉक्सिमिथाइल थायोफॉर्मेट हे संयुग हवेत सापडल्याचे २०२० साली जाहीर झाले. तिथेही थेइऑन आहेच. लाव्हाझिएने ‘ऑक्सिजन’ हे नाव घडवले ते ‘ऑक्सिस’, म्हणजे तीक्ष्ण, आंबट, यावरून. आम्लजनक असा त्याचा अर्थ. सगळ्या आम्लांत ऑक्सिजन असतो ही त्याची समजूत पुढे डेव्हीने खोडली. समुद्रावरच्या गंधकापुरते मात्र नाव बरोबर ठरते. फारसी ‘तेज़ाब’ही तीक्ष्ण पाणीच. ‘तेज़’ आपल्या तिज्, तीक्ष्ण, तेजस् यांचा सगोत्र आणि ‘आब’ आपल्या अप्‌चा.

सल्फ्युरिक आम्लाचे सूक्ष्म कण ढगांच्या थेंबांना बीज पुरवतात. केप ग्रिमला सल्फाइड, मिथेनसल्फॉनिक आम्ल आणि हे बीजकण तिन्ही दक्षिणेकडच्या उन्हाळ्यात वाढतात. १९८७ साली चार्लसन, लव्हलॉक, आंद्रेए आणि वॉरन यांनी मांडले की अशा रीतीने प्लवके हवामानाचेच नियमन करत असावीत; चौघांच्या आद्याक्षरांनी ती कल्पना ‘क्लॉ’, म्हणजे नखी, म्हणून ओळखली जाते. २०११च्या एका समीक्षेने इतके सरळ नियंत्रण नाकारले. गंधकाची वाट मात्र कायम राहिली.

म्हणून माझे मत असे. प्रयोगशाळेतल्या समीकरणाला ऑक्सिडीकरण आणि त्याच्या उलट क्रियेला क्षपण हे शब्द खुशाल राहू द्यावेत. पण हवा जेव्हा आपल्यात आलेले द्रव्य पायरीपायरीने पचवते आणि त्यात ऑक्सिजनचा रेणू स्वतः पुढाकार घेत नाही, तेव्हा त्या क्रियेला कर्त्याचे नाव न चिकटवणारा ‘जारण’ हा शब्द अधिक खरा आहे, आणि गंधकाशी त्याची ओळख शतकांची आहे. मराठीत लिहिणाऱ्यांनी तो वापरून पाहावा. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर ‘मतलई’ची आणखी काही रूपे कोणाच्या कानी असतील, तर त्यांनी ती लिहून ठेवावीत.