शेंदाड शिपाई

मागच्या शनिवारी घरी येताना कोपऱ्यावरच्या गाडीवरून एक खरबूज घेतलं. वास झकास, सालीवरची जाळी सुरेख. कापलं तर... काकडी! आई म्हणाली, "ठेव दोन दिवस, होईल गोड." नाही झालं. मऊ मात्र झालं.

असं का, ते शोधायला बसलो आणि अख्खा रविवार त्यात गेला. तर कारण असं. केळ्यात पिष्ट साठलेलं असतं, तोडल्यावर त्याची साखर होते. खरबूज असा साठा करतच नाही. पिकायच्या शेवटच्या काही दिवसांत पानं जी साखर पाठवतात, तेवढीच त्याची कमाई. वेलीवरून तुटलं की सप्लाय बंद! थोडक्यात, खरबुजाची गोडी पानांवर अवलंबून. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता जाऊ कॅलिफोर्नियाच्या दक्षिण टोकाला, इम्पीरियल व्हॅलीत. मुळात वाळवंट. १९०१ मध्ये कोलोरॅडो नदीचं पाणी कालव्याने आलं आणि तिथे शेती उभी राहिली. त्यात खरबूज हे मोठं नगदी पीक. बर्फ भरलेल्या रेल्वेच्या डब्यांतून माल थेट पूर्वेकडच्या शहरांत जायचा. लाडका वाण होता 'हेल्स बेस्ट'.

१९२५ मध्ये तिथल्या वेलींवर भुरी पडली. भुरी म्हणजे पानांवर पिठासारखी पांढरी बुरशी. पानं वाळतात, फळं उघडी पडून उन्हाने भाजतात, आणि पानंच नाहीत म्हटल्यावर साखर कुठून येणार? आपले नाशिकचे द्राक्षवाले भुरीवर गंधक मारतात. पण वाळवंटातल्या उन्हात गंधकाने खरबुजाची पानंच करपतात. म्हणजे रोगापेक्षा औषध भारी.

उरला एकच मार्ग. भुरीला दाद न देणारं खरबूज शोधायचं. अमेरिकेच्या कृषी खात्यातले आयव्हन जॅगर आणि त्यांचे सहकारी स्कॉट यांनी देशोदेशीचं बियाणं लावून पाहिलं. १९२० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या एका बियाण्यातली काही रोपं भुरीत ठणठणीत उभी राहिली. ते बियाणं होतं भारतातलं!

फळ मात्र बाजारात कोणी हातात धरणार नाही असं. मग 'हेल्स बेस्ट'शी संकर केला. पिल्लांत अर्धे गुण आईचे, अर्धे बापाचे, म्हणजे फळ अर्धं बेचव. त्यातली भुरीला टिकणारी रोपं निवडून पुन्हा 'हेल्स बेस्ट'शी जोडायची. दर फेरीला परक्याचा वाटा निम्मा होत जातो, आणि प्रत्येक वेळी दोन परीक्षा: पान भुरीत टिकतं का, आणि फळ गोड लागतं का. आमच्या भाषेत सांगायचं तर दुसऱ्याच्या भयंकर कोडमधून एकच कमिट चेरी-पिक करायची, बाकी सगळं सोडून. फरक इतकाच की इथे एक बिल्ड व्हायला एक हंगाम लागतो, आणि गिटही नाही :)

नशीब असं की ही प्रतिकारशक्ती एकाच प्रभावी जनुकात होती. १९३६ मध्ये वाण बाहेर पडला: 'पावडरी मिल्ड्यू रेझिस्टंट ४५', म्हणजे पीएमआर ४५. गोड, घट्ट गराचा, लांबचा प्रवास झेलणारा. शेतकरी वाचले.

गोष्ट इथे संपली असती तर सिनेमा झाला असता. पण १९३८ मध्येच भुरीचा नवा प्रकार दिसला, ज्याला पीएमआर ४५ चं कुलूप उघडता येत होतं. पुन्हा शोध, पुन्हा संकर, आणि १९४० च्या दशकात पुढचे वाण. पॅच आला की नवा व्हायरस येतो, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

आणि हा शोध पुन:पुन्हा भारताकडेच वळला. २०१९ मध्ये जगभरातल्या १,१७५ खरबुजांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष असा की माणसाने खरबूज तीन वेळा स्वतंत्रपणे माणसाळवलं: एकदा आफ्रिकेत आणि दोनदा भारतात. इतकी वर्षं इथल्या किडी-रोगांशी झुंजलेले वेल इथेच सापडणार! 'पीआय ४१४७२३' असं रुक्ष नाव असलेलं एक भारतीय खरबूज आहे. हिंदीत 'फूट' म्हणतात त्या जातीतलं, पिकलं की तडकणारं. मावा, माव्यातून पसरणारे विषाणू, भुरी अशा अनेक भानगडींवर जगभरचे पैदासकार त्याच्याकडे धावतात.

मराठीत घाबरटाला 'शेंदाड शिपाई' म्हणतात. शेंदाड हे खरबुजाच्याच नात्यातलं रानफळ, दिसायला बरं पण कामाचं नाही, असा आपला समज. मला तर आता वाटतं की लढले ते हे बेचव भाऊबंदच. गोडवाले मागे उभे होते.

ते बियाणं गेलं तेव्हा त्यावर हक्क कोणाचा, असा प्रश्न विचारणारा कायदाही नव्हता. जैवविविधता करार १९९२ चा, आपला कायदा २००२ चा. पण मला त्याहून मोठी काळजी वेगळी वाटते. आज मल्चिंगवर, ठिबकवर संकरित खरबूज येतं, एकसारखं आणि गोड. शेतकऱ्याला ते परवडतं, त्यात त्याची चूक काहीच नाही. पण बांधावरचा, नदीपात्रातला तो बेचव वेल कोणी जपला नाही, तर पुढच्या भुरीच्या वेळी जॅगरसारख्या माणसाने शोधायचं कुठे?

असो. आईला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "ते ठीक आहे, पण पुढच्या वेळी देठ बघून घे. पिकलेलं खरबूज देठापासून आपणहून सुटतं."

रविवारभर वाचलं त्यात हे कुठेच नव्हतं!