सोलापूर ते येनान : १६४ दिवसांचे अंतर

सोलापूर आणि चीनमधील येनान या दोन शहरांमध्ये नकाशावर सरळ रेषा ओढली, तर ती सुमारे ३,९०० किलोमीटर भरते. जेट विमानाच्या वेगाने हिशेब केला, तर हे जेमतेम पाच तासांचे उड्डाण. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांना मात्र मुंबईचे बंदर सोडल्यापासून येनानला पोहोचायला १६४ दिवस लागले. ही तफावत केवळ वाहनांच्या वेगातील आहे का?

तारखाच पाहू. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या साहाय्यार्थ राष्ट्रीय सभेने पाच डॉक्टरांचे पथक पाठवले. अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी हे ते पाच जण. १ सप्टेंबर १९३८ रोजी ते मुंबईहून बोटीने निघाले आणि १७ सप्टेंबरला कँटनला उतरले. म्हणजे समुद्राने घेतले अवघे सोळा दिवस. उरलेले जवळजवळ पाच महिने लागले ते चीनच्या भूमीवर. कारण ही वाट युद्धातून जात होती आणि वाटेत जखमी होते. हॅन्को, इचांग, चुंगकिंग हे त्या वाटेवरचे नुसते मुक्काम नव्हते. तेथे रुग्णसेवा करीतच पथक पुढे सरकत राहिले. दरम्यान २१ ऑक्टोबरला कँटन आणि पाठोपाठ हॅन्को जपान्यांच्या हाती पडले. ज्या दाराने हे पाच जण आत आले, ते दार त्यांच्यामागे पाच आठवड्यांतच बंद झाले.

चुंगकिंगला असताना कोटणीसांना वडिलांच्या निधनाची वार्ता कळली. परत जाण्याचा सल्ला सहकाऱ्यांनी दिला. अठ्ठावीस वर्षांच्या त्या तरुणाने तो मानला नाही. १२ फेब्रुवारी १९३९ रोजी पथक येनानला पोहोचले.

विमानप्रवासात निर्णय एकदाच घ्यावा लागतो. एकदा आसनावर बसले की उरतो तो वेळ. कोटणीसांच्या प्रवासात तोच निर्णय प्रत्येक मुक्कामी नव्याने घ्यावा लागला. म्हणून त्यांच्या १६४ दिवसांकडे विलंब म्हणून पाहणे मला अपुरे वाटते. माघारी फिरण्याचा विचार इतके दिवस शक्य होता, आणि तो नाकारला गेला, हा त्या आकड्याचा खरा अर्थ.

पुढचा इतिहास परिचित आहे : बेथून रुग्णालयाचे प्रमुखपद, क्वो छिंगलान यांच्याशी विवाह, पुत्र यिनहुआ (ज्याच्या नावात भारत आणि चीन एकत्र आले) आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, मृत्यू. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकाने आणि १९४६ मधील व्ही. शांताराम यांच्या चित्रपटाने ही कहाणी घरोघरी नेली. स्मारके मात्र बहुधा शेवटाची होतात. सोलापूरकराने स्मरावेत ते वाटेतले दिवसही. इतर चौघे मायदेशी परतले. कोटणीसांच्या परतीचे अंतर मात्र कोणत्याच मापाने मोजता येत नाही.