सम्राटाची सनद आणि वैयाकरणाची लेखणी

पाश्चात्य समाजावर मानवतावादाने जो चिरस्थायी संस्कार केला, त्याचे वर्णन करताना मनुष्याची प्रतिष्ठा, व्यक्तीचे स्वातंत्र्य, इहलोकाविषयीची आस्था अशी उदात्त तत्त्वे पुढे मांडण्याचा प्रघात आहे, आणि तो अयथार्थ आहे असे मी म्हणणार नाही. परंतु या विचाराचे जे आद्य उपासक चौदाव्या-पंधराव्या शतकांतील इटलीत होऊन गेले, ते बहुतांशी दफ्तरात बसणारे चिटणीस, शिक्षक आणि हस्तलिखितांचे शोधक होते, ही गोष्ट ध्यानात घेतल्यावाचून त्या संस्काराचे खरे स्वरूप आपल्या हाती लागत नाही. कोलुच्चो सालुताती हा १३७५ पासून १४०६ साली मृत्यू येईपर्यंत फ्लॉरेन्सचा मुख्य चिटणीस होता. प्रजासत्ताकाचे खलिते प्राचीन रोमन गद्याच्या धर्तीवर लिहिणाऱ्या याच पुरुषाच्या खटपटीने कॉन्स्टँटिनोपलचा पंडित मान्युएल क्रिसोलोरास १३९७ मध्ये ग्रीक शिकविण्यासाठी त्या नगरात आला. जुना ग्रंथ शुद्ध वाचावा, तो कोणी, केव्हा आणि कोणत्या भाषेत लिहिला हे पाहावे, अशी वरकरणी निरुपद्रवी दिसणारी सवय या मंडळींनी विद्येला लावली. युरोपच्या जीवनात पुढे जो पालट घडला त्याचे बीज, माझ्या मते, या सवयीत आहे.

ती सवय कोठवर पोचू शकते याचे सर्वांत लखलखीत उदाहरण म्हणजे लोरेन्झो व्हाला याने १४४० साली लिहिलेला एक निबंध. सम्राट कॉन्स्टन्टाइन याला पोप सिल्व्हेस्टरने महारोगातून मुक्त केले आणि त्या उपकाराची उतराई म्हणून सम्राटाने लॅटरनचा राजवाडा, राजमुकुट, रोम नगर, इटली आणि पश्चिमेकडील सर्व प्रांत पोपच्या स्वाधीन केले, अशा मजकुराचे एक दानपत्र शतकानुशतके ख्रिस्ती जगतात मान्यता पावलेले होते. वास्तविक हा कागद चौथ्या शतकातला नव्हता. तो आठव्या शतकाच्या सुमारास कोणी तरी रचलेला होता. निकोलस ऑफ क्यूसा या धर्मपंडिताने १४३३ च्या सुमारास त्याविषयी शंका प्रकट केली होती खरी, परंतु त्या कागदाला न्यायासनासमोर उभे करून त्याची ओळीओळीने उलटतपासणी घेण्याचे धैर्य व्हालाने दाखविले.

वतनाच्या तंट्यातील कागद ज्याने चाळले असतील, त्याला व्हालाची पद्धत तत्काळ ओळखीची वाटेल. दान झाले म्हणता, तर घेणाराने कब्जा कधी घेतला? जुने अंमलदार काढून नवे कोणी नेमले? कॉन्स्टन्टाइनची आणि त्याच्या मागून आलेल्या सम्राटांची नाणी सापडतात, मग सिल्व्हेस्टरच्या नावाचे एकही नाणे का दिसू नये? वहिवाटीचा हा पुरावा संपला की तो भाषेकडे वळतो आणि येथे त्याच्यातला वैयाकरण खऱ्या अर्थाने जागा होतो. सम्राटाच्या संमतीदारांत त्या कागदाने 'सत्रप' घातले आहेत. रोमन राज्यव्यवस्थेत या पौर्वात्य अधिकाऱ्यांना स्थान कोठून आले? मुकुट शुद्ध सोन्याचा आणि रत्नजडित असल्याचे त्यात म्हटले आहे, वस्तुतः त्या काळचे राजचिन्ह म्हणजे वस्त्राची पट्टी होती. कॉन्स्टँटिनोपल हे धर्मपीठ म्हणून त्यात नमूद आहे, आणि सनदेच्या कथित तारखेस ते नगर वसलेलेही नव्हते. लॅटिन तर इतकी ओबडधोबड की कॉन्स्टन्टाइनच्या दफ्तरातील हलक्यातल्या हलक्या कारकुनानेही ती लिहिली नसती, हे त्याने शब्दाशब्दाला दाखवून दिले.

व्हाला निरिच्छ सत्यशोधक होता असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. तो आरागॉनच्या आल्फॉन्सोच्या पदरी होता, नेपल्सच्या गादीवरून आल्फॉन्सो आणि पोप चौथा यूजीन यांचे वितुष्ट चालू होते, आणि निबंधाचा मारा धन्याच्या सोयीचाच होता. स्वभावाने तो भांडखोर. १४४४ साली धर्मन्यायसभेपुढे ओढला गेला असता राजाश्रयामुळेच तो वाचला. परंतु पुराव्याचे सामर्थ्य पुरावा देणाराच्या हेतूवर अवलंबून नसते, आणि या पुराव्याला समर्पक उत्तर कोणालाही देता आले नाही. पुढे विद्याप्रेमी पोप पाचवा निकोलस याने १४४८ मध्ये त्यालाच आपल्या दफ्तरात नेमून घेतले आणि थ्युसिडिडीजच्या इतिहासाचे लॅटिन भाषांतर त्याच्याकडून करवून घेतले, ही त्या काळाच्या उदारतेची खूण मला मोठी हृद्य वाटते. १४५७ मध्ये तो वारला आणि लॅटरनच्याच मंदिरात त्याचे दफन झाले.

त्याच्या लेखणीने खरा हादरा दिला तो मृत्यूनंतर. बायबलच्या प्रचलित लॅटिन पाठाची मूळ ग्रीकशी तुलना करणारी त्याची टिपणे इरॅस्मसला १५०४ मध्ये लूव्हेनजवळच्या एका मठाच्या ग्रंथालयात आढळली. ती त्याने दुसऱ्या वर्षी पॅरिसमध्ये छापविली, आणि त्याच वाटेने पुढे जाऊन १५१६ साली बाझेल येथून नव्या कराराची ग्रीक संहिता स्वतःच्या लॅटिन भाषांतरासह प्रसिद्ध केली. मार्टिन लूथरने नव्या कराराचे आपले १५२२ चे जर्मन भाषांतर इरॅस्मसच्या ग्रीक संहितेवरून केले. दानपत्रावरील निबंध जर्मन मानवतावादी उल्रिख फॉन हुटेनने मुद्रित केला. तो १५२० च्या आरंभी लूथरच्या वाचनात आला आणि रोमवरील त्याचा उरलासुरला विश्वास ढासळण्यास साहाय्यभूत झाला. व्हाला स्वतः बंडखोर पंथाचा प्रवर्तक नव्हता. परंतु धर्मपीठाचा आदेशसुद्धा कागद म्हणून तपासता येतो ही जाणीव एकदा मुद्रणयंत्रावर चढली, म्हणजे ती एका पक्षाची मालमत्ता राहत नाही. त्या शतकाच्या अखेरीस कॅथलिक चर्चचाच इतिहासकार कार्डिनल बॅरोनिअस याने दानपत्र बनावट असल्याचे मान्य केले.

सतराव्या शतकात या सवयीचे शास्त्र झाले. १६७५ मध्ये पापेब्रॉख नावाच्या जेझुइट पंडिताने पॅरिसजवळच्या सेंट डेनिस मठाच्या प्राचीन सनदांवर संशय घेतला. त्या मठाच्या बेनेडिक्टाइन संप्रदायातील जाँ माबियाँ याने रागाने प्रत्युत्तर न देता अनेक वर्षे दफ्तरे धुंडाळली आणि अक्षरवळण, शिक्का, मायना, कालगणना व लेखनसामग्री यांवरून अस्सल आणि बनावट कागद कसे ओळखावेत याचा ग्रंथ १६८१ मध्ये सिद्ध केला. तो वाचून पापेब्रॉखने स्वतः माबियाँला पत्र लिहिले, आपले मत खोडले गेल्याचे कबूल केले आणि इतक्या उत्तम रीतीने खोडले गेल्याबद्दल आनंद व्यक्त केला.