झाडे शहराचा आवाज अडवतात का?

रस्त्याकडेला झाडांची रांग लावली की वाहनांचा आवाज घरापर्यंत पोहोचत नाही, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात एका रांगेने आवाज जेमतेम कमी होतो, कारण ध्वनिलहरी खोडांमधून आणि फांद्यांमधून सहज निघून जातात. पाने हॉर्नसारखा उंच पट्टीचा आवाज थोडाफार विखुरतात. ट्रकच्या इंजिनाची घरघर मात्र आरपार जाते.

फरक पडतो तो दाट पट्ट्याने. जमिनीपासून शेंड्यापर्यंत झाडेझुडपे असलेला सुमारे ३० मीटर रुंदीचा पट्टा आवाज ५ ते १० डेसिबलने कमी करू शकतो. १० डेसिबलची घट कानाला साधारण निम्मी वाटते. यात मातीचाही मोठा वाटा आहे. मुळांनी आणि पालापाचोळ्याने भुसभुशीत झालेली जमीन आवाज शोषते, पेव्हर ब्लॉक तो परत फेकतात. विदर्भात आणखी एक अडचण: ऐन उन्हाळ्यात साग निष्पर्ण असतो. लग्नसराईचे डीजे नेमके तेव्हाच जोरात असतात!

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. झाडांमुळे ती पाळली जाईल, अशी अपेक्षा करणे चूक. पण पानांची सळसळ आणि पक्ष्यांची किलबिल कानाला दुसरे काही ऐकायला देते, त्यामुळे तितकाच गोंगाट कमी खुपतो. यंत्रावरचा आकडा तोच राहतो, त्रास कमी होतो.

नागपुरात हा प्रश्न अजनीत ऐरणीवर आला. तिथल्या रेल्वे वसाहतीत जुन्या झाडांची दाटी आहे. इंटरमोडल स्टेशनच्या प्रकल्पात त्यातली हजारो झाडे तोडली जाणार म्हटल्यावर २०२१ च्या सुमारास नागरिकांनी ‘अजनीवन’ वाचवण्यासाठी आंदोलन केले. त्याच वर्षी राज्याच्या १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यात दुरुस्ती झाली. ५० वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडाला ‘वारसा वृक्ष’ मानले गेले आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी रोपे लावण्याची अट आली.

म्हणजे ६० वर्षांच्या कडुनिंबाबदली ६० रोपे. हिशेब कागदावर जुळतो. मात्र रोपे शहराबाहेर, विखरून लावली, तर तोडलेल्या झाडाशेजारच्या घराला त्यांचा आडोसा कधीच मिळत नाही. शेजारी लावली तरी दाटी व्हायला कित्येक पावसाळे जावे लागतात.