क्षयजंतूंची औषधसंवेदनशीलता

विशिष्ट औषधाच्या सान्निध्यात क्षयजंतूंची वाढ थांबते की नाही, यावरून त्या औषधाबाबतची त्यांची संवेदनशीलता ठरविली जाते. फुप्फुसाच्या क्षयास कारणीभूत असलेला जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये शोधून काढला. परंतु त्यावरील पहिल्या गुणकारी प्रतिजैव पदार्थाची, म्हणजे स्ट्रेप्टोमायसिनाची, माहिती १९४४ मध्ये प्रसिद्ध झाली.

ब्रिटनमध्ये १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हे औषध दिलेल्या ५५ रुग्णांपैकी ४, तर केवळ विश्रांती दिलेल्या ५२ रुग्णांपैकी १४ सहा महिन्यांत दगावले. पाच वर्षांअखेर मात्र मृतांची संख्या अनुक्रमे ३२ व ३५ झाली. उत्परिवर्तनामुळे औषधास दाद न देणारे काही जंतू मुळातच असतात. एकच औषध दिल्यास इतर जंतू मरतात व हे वाढीस लागतात. म्हणून अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत रूढ झाली.

मद्रास येथे १९५६ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात घरी घेतलेले उपचार आरोग्यधामातील उपचारांइतकेच परिणामकारक ठरले. गरीब रुग्णांची त्यामुळे मोठी सोय झाली. तथापि औषधयोजना अचूक असणे व ती पूर्ण होणे यांस अधिकच महत्त्व आले. मुंबईत १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे १०० खाजगी डॉक्टरांनी ८० निरनिराळ्या औषधयोजना सुचविल्याचे दिसून आले. २०१० मधील तशाच पाहणीत १०६ पैकी केवळ ६ डॉक्टरांनी योग्य योजना लिहिली. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासलेल्या सर्व औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाच्या चार रुग्णांचा वृत्तांत २०१२ मध्ये प्रसिद्ध केला.

क्षयजंतू अतिशय सावकाश वाढत असल्याने संवर्धनावर आधारित संवेदनशीलता परीक्षेस कित्येक आठवडे लागतात. तोपर्यंत निरुपयोगी औषधे चालू राहून रुग्णाकडून इतरांस रोधी जंतूंचा संसर्ग होण्याचा संभव असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये शिफारस केलेल्या जनुकीय परीक्षेने रिफँपिसिनास होणारा रोध सुमारे दोन तासांत समजू लागला. भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमात २०१६ पासून बेडाक्विलीन हे नवे औषध समाविष्ट झाले. तेही एकटे न देता इतर औषधांच्या जोडीनेच देतात. स्ट्रेप्टोमायसिनाच्या अनुभवातून मिळालेला नियम त्यासही लागू आहे.